पहिली चाचणी कोणाच्या हातात?

नवी इलेक्ट्रिक कार शोरूममध्ये यायच्या काही आठवडे आधी एक ठरावीक कार्यक्रम होतो. मोटारींवर लिहिणारे निवडक पत्रकार आणि यूट्यूबवर गाड्या दाखवणारी मंडळी यांना कंपनी विमानाने एखाद्या छान ठिकाणी नेते. तिकीट, हॉटेल, जेवण कंपनीचं. सकाळी गाड्या ओळीने उभ्या असतात. धुतलेल्या, टायरमधली हवा तपासलेली, बॅटरी शंभर टक्के भरलेली. रस्ता कंपनीने आखलेला, वेळ कंपनीने ठरवलेली, सोबतीला कंपनीचे इंजिनिअर. बऱ्याचदा गाडीही अंतिम नसते, उत्पादन सुरू होण्याआधीचा नमुना असतो. म्हणजे काही खटकलंच तर 'ग्राहकाला मिळेल तोवर हे दुरुस्त झालेलं असेल' असं सांगायची सोय राहते. आणि अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत काहीही प्रसिद्ध करायचं नाही, अशी अट आधीच मान्य करून घेतलेली असते. तिला 'एम्बार्गो' म्हणतात. म्हणून तर एखाद्या दिवशी बरोबर एकाच मिनिटाला त्याच गाडीचे पंचवीस व्हिडिओ आपल्या मोबाइलवर येऊन आदळतात. डोंगरही तोच, वळणही तेच.

यात सहसा कोणी खोटं बोलत नाही. मागच्या सीटवर मांडीला आधार कमी पडतो, टचस्क्रीन जरा मंद आहे, अशा तक्रारी नोंदवल्याही जातात. पण गाडी बंद पडलेल्या चार्जरसमोर उभी राहिली तर काय, मे महिन्यात चौघे बसून एसी लावला तर किती जाते, सहा महिन्यांनी ती सकाळी सुरू होते का, हे त्या एका दिवसात दिसूच शकत नाही. काय बोलायचं ते कंपनी ठरवत नाही. काय दिसायचं ते ठरवते. जो पत्रकार फारच टोचून लिहितो त्याला पुढच्या वेळी बोलावणं येत नाही, आणि बोलावणं नाही म्हणजे इतरांचे व्हिडिओ येऊन गेल्यावर आठवड्याने आपला. तोवर प्रेक्षक निघून गेलेला असतो.

आरोग्याच्या सदरात डॉक्टरला गाड्यांचं काय पडलं आहे, असं कोणी विचारेल. पण हा सगळा प्रकार आमच्या ओळखीचा आहे. नव्या औषधाची पहिली चाचणी बहुतेक वेळा ते बनवणारी कंपनीच करते. रुग्ण कोणते घ्यायचे, तुलना कोणत्या औषधाशी करायची, किती दिवस मोजायचं, हे तीच ठरवते. त्यातलं 'किती दिवस मोजायचं' हे किती महाग पडू शकतं, याचं उदाहरण म्हणजे रोफेकॉक्सिब. मर्क कंपनीची ही सांधेदुखीची गोळी व्हायॉक्स या नावाने १९९९ मध्ये आली. आठ हजारांवर संधिवाताच्या रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि २००० च्या नोव्हेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली. जुन्या गोळीपेक्षा हिने पोटातला रक्तस्राव कमी होतो, हा निष्कर्ष होता आणि तो खराच होता. मात्र पोटाच्या तक्रारी ज्या तारखेपर्यंत मोजल्या, त्याच्या महिनाभर आधीच हृदयाच्या घटनांची मोजणी थांबवली होती. नव्या गोळीच्या गटातले तीन हृदयविकाराचे झटके असे छापील निबंधाबाहेर राहिले. ही तारीख आधीच ठरलेली होती, असं लेखकांचं म्हणणं. ते खरं धरलं तरी तारखा ठरवल्या कोणी, हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २००४ मध्ये गोळी जगभरातून मागे घेतली गेली. आपल्याकडे त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिच्यावर बंदी आली. नियतकालिकाच्या संपादकांनी त्या निबंधाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली ती २००५ च्या डिसेंबरात.

इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत असा सर्वांत लाडका आकडा म्हणजे पल्ला, अर्थात रेंज. आपल्याकडे जाहिरातीत जो पल्ला येतो तो प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत चालवतात. या क्रमाच्या शहरी भागात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही, महामार्गाच्या भागात ९० च्या वर जात नाही. तापमान बेताचं, एसी बंद. आता हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हे शाळेत शिकलेलं आठवा. ताशी ६० ऐवजी १०० ने गेलात तर हवा गाडीला जवळपास पावणेतीन पट जोराने मागे ढकलते. पेट्रोलच्या गाडीलाही हा नियम लागू आहेच, पण तिथे पंप दर दहा किलोमीटरवर असतो म्हणून कोणी हिशेब मांडत नाही. शहरात उलटा प्रकार. हिंजवडीच्या कोंडीत तासाभरात पंधरा किलोमीटर सरकलात आणि एसी दीड किलोवॉट घेत असेल असं धरलं, तर तेवढ्या विजेवर छोटी गाडी मोकळ्या रस्त्यावर आणखी दहा-बारा किलोमीटर गेली असती.

हा आकडा आणि रस्त्यावरचा अनुभव यांतल्या फरकावरून एकदा सरकारही मध्ये पडलं. टाटा नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला होता ३१२ किलोमीटर. आपल्याला त्याच्या आसपासही मिळत नाही, अशी तक्रार एका ग्राहकाने केली आणि मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने त्या गाडीचं अनुदान थांबवलं. कंपनी उच्च न्यायालयात गेली, आदेशाला स्थगिती मिळाली. आकडा रीतसर चाचणीतूनच आला होता, कंपनीने मनाने लिहिला नव्हता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि अडचण नेमकी तीच आहे. पुढे याच कंपनीने प्रमाणित आकड्याच्या जोडीला, चारांपैकी तीन ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकेल असा कमी पल्लाही सांगायला सुरुवात केली. हे चांगलं झालं. फक्त जाहिरातीत कोणता आकडा मोठ्या अक्षरांत असतो, तेही बघत चला.

वेळेवरचं नियंत्रण सुटलं की काय होतं, हे अमेरिकेतल्या फिस्कर कंपनीने दाखवलं. हेन्रिक फिस्कर हा नावाजलेला डेन्मार्कचा डिझायनर. त्याच्या कंपनीची 'ओशन' ही इलेक्ट्रिक एसयूव्ही ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तयार होत होती आणि २०२३ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागली. दिसायला देखणी, पण सॉफ्टवेअर अर्धवट. मार्केस ब्राउनली या प्रसिद्ध यूट्यूबरने परीक्षणासाठी गाडी मागितली, तेव्हा नवं सॉफ्टवेअर येऊ दे, मग कर, असा कंपनीचा आग्रह होता. त्याने न्यू जर्सीतल्या एका डीलरकडून गाडी मिळवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हिडिओ टाकला. मी आजवर तपासलेली ही सर्वांत वाईट गाडी, असं शीर्षकच होतं. कंपनीच्या एका इंजिनिअरने त्या डीलरला फोन केला आणि त्या संभाषणाचं रेकॉर्डिंगही जगभर फिरलं.

जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एका व्हिडिओने कंपनी बुडवली, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. मला ते पटत नाही. ताप थर्मामीटरमुळे येत नाही. पैसे आधीच संपत आले होते, ब्रेकबद्दलच्या तक्रारींची सरकारी चौकशी व्हिडिओच्या आधीच सुरू झाली होती. व्हिडिओतल्या गाडीत जे सॉफ्टवेअर होतं तेच त्या दिवशी पैसे मोजून घेतलेल्या माणसाच्या गाडीत होतं. त्याला कोणी 'जरा थांबा' म्हटलं नव्हतं. कंपनी गेल्यावर वॉरंटी, सुटे भाग, सॉफ्टवेअर या सगळ्यासाठी वणवण करायची वेळ त्याच्यावर आली आणि शेवटी मालकांना स्वतःची संघटना काढावी लागली.

इलेक्ट्रिक गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे, जिला औषधांच्या जगात जोड नाही. गाडी स्वतःच कंपनीला माहिती कळवत असते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जॉन ब्रॉडर यांनी २०१३ च्या सुरुवातीला टेस्ला मॉडेल एस थंडीत लांबच्या प्रवासाला नेली. गाडी शेवटी टोइंगच्या ट्रकवर चढली आणि तसं त्यांनी लिहिलं. इलॉन मस्क यांनी लेख खोटा ठरवला आणि गाडीतल्या नोंदी प्रसिद्ध केल्या: कुठे किती वेग होता, हीटर किती अंशांवर होता, चार्जिंग किती वेळ केलं. वर्तमानपत्राच्या लोकसंपादक मार्गारेट सलिव्हन यांनी तपास करून निर्वाळा दिला की ब्रॉडर प्रामाणिक होते, पण त्यांच्या नोंदी आणि काही निर्णय काटेकोर नव्हते. म्हणजे मस्क यांच्या आक्षेपात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण कल्पना करा, रुग्णाचा केसपेपर औषध कंपनीच्या कपाटात आहे आणि डॉक्टरने प्रतिकूल मत दिलं तरच त्यातली पानं बाहेर येतात. अनुकूल लिहिणाऱ्या किती जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या असतील?

परीक्षक साधुसंत असतात, असंही नाही. बीबीसीच्या 'टॉप गिअर'ने २००८ मध्ये टेस्ला रोडस्टर ढकलत गॅरेजमध्ये नेताना दाखवली. तिची बॅटरी प्रत्यक्षात संपलेली नव्हती, असं कंपनीने नोंदींवरून सांगितलं. कंपनी कोर्टात हरली, तरी करमणुकीसाठी रचलेलं दृश्य म्हणजे चाचणी नव्हे.

मग खरी चाचणी कशी असते? अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही १९३६ पासूनची संस्था गाड्या स्वतः विकत घेते, तीही आपली ओळख न देता. २०१८ मध्ये त्यांनी टेस्ला मॉडेल ३ ताशी ९६ किलोमीटरवरून थांबवून पाहिली. थांबायला १५२ फूट लागले, एखाद्या मोठ्या पिकअप ट्रकपेक्षाही जास्त. कंपनीने इंटरनेटवरूनच सॉफ्टवेअर बदललं आणि फेरचाचणीत ते अंतर १३३ फुटांवर आलं. जवळपास सहा मीटरचा फरक, म्हणजे झेब्रा क्रॉसिंगवरचा माणूस वाचण्या-न वाचण्याचा. विकत घेतलेल्या एका गाडीच्या चाचणीने हे साधलं. नॉर्वेतली वाहनधारकांची संघटना तर ऐन हिवाळ्यात वीस-पंचवीस इलेक्ट्रिक गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, बंद पडेपर्यंत चालवते. काहींचा पल्ला जाहीर आकड्याहून थोडाच घटतो, काहींचा तीस टक्क्यांच्या आसपास. रस्ता, ऋतू आणि शेवट तिघंही कंपनीच्या हातात नसतात.

अर्थात प्रामाणिक असली तरी पहिल्या दिवसाच्या चाचणीत उशिरा येणारे दुष्परिणाम दिसत नाहीत. ह्युंदाईची आयोनिक ५ ही २०२२ ची 'वर्ल्ड कार ऑफ द इयर'. चांगली गाडी, मानही योग्यच. पण तिच्यातला चार्जिंग नियंत्रित करणारा एक भाग बिघडला की छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते आणि चालती गाडी शक्ती गमावू शकते, हे नंतर वापरातून कळलं. २०२४ मध्ये भारतातल्याही १,७४४ गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. औषधांच्या बाबतीत बाजारात आल्यानंतरच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायची यंत्रणा आहे. ती कशीबशी चालते, पण आहे. डॉक्टरांना भेटी आणि सहली देण्यावर केंद्राने २०२४ मध्ये नवी संहिता काढली. तीही किती पाळली जाते, हा वेगळा लेख होईल. गाड्या दाखवणाऱ्यांनी कंपनीकडून मिळालेला लाभ जाहीर करावा, असं जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. व्हिडिओ सुरू होताना कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही चमकून जातं का, ते शोधायची सवय लावून घ्यायला हरकत नाही.

आमच्या रुग्णालयातल्या एक सिस्टर गेल्या उन्हाळ्यात मोबाइल घेऊन आल्या. "सर, सगळे रिव्ह्यू चांगले आहेत. घेऊ का?" कर्ज काढून घ्यायची गाडी, रोजचं जाणं-येणं नव्वद किलोमीटर, मध्ये घाट, रात्रपाळी आणि वाटेत एकच चार्जर. त्यांनी दाखवलेले सगळे व्हिडिओ एकाच तारखेचे होते. मी त्यांना म्हटलं, या व्हिडिओंचा पुरावा एकाच रुग्णाचा समजा. वर्षभर वापरलेला मालक शोधा आणि त्याला तीनच प्रश्न विचारा: उन्हाळ्यात एसी लावून किती जाते, बिघडली तेव्हा किती दिवस सर्व्हिस सेंटरला होती, आणि सॉफ्टवेअर बदलल्यावर काय बिघडलं, काय सुधारलं.

त्यांच्या तालुक्यातल्या एका शिक्षकांकडे तेच मॉडेल निघालं. एका रविवारी दुपारी दोन्ही कुटुंबातले मिळून चौघे जण एसी लावून घाट चढून-उतरून आले. निघताना आणि परतल्यावर बॅटरी किती टक्के होती, ते सिस्टरांनी औषधांच्या नोंदी करतात तसं डायरीत लिहिलं. हिशेब आला जाहिरातीतल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाला थोडा कमीच. रोजचं जाणं-येणं त्यात बसत होतं, वर चाळीस-पन्नास किलोमीटर शिल्लक राहत होते. पुढच्या महिन्यात त्यांनी गाडी घेतली.