अध्ययन-निष्पत्ती, महाविद्यालयीन

महाविद्यालयीन अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थ्यास काय कळावे, काय करता यावे व कोणत्या वृत्ती त्याच्या अंगी बाणाव्यात, ह्यांविषयी आधी निश्चित केलेल्या आणि पडताळून पाहता येण्याजोग्या विधानांस अध्ययन-निष्पत्ती म्हणतात. अध्यापनाच्या उद्दिष्टातून शिक्षकाचा हेतू व्यक्त होतो. निष्पत्तीतून विद्यार्थ्याचे संपादन व्यक्त होते. काय शिकविले ह्यापेक्षा विद्यार्थी काय शिकला, हा येथे मुख्य प्रश्न होय.

ह्या विचाराचा पाया अमेरिकन शिक्षणतज्ञ रॅल्फ टायलर (१९०२–९४) ह्याने घातला. उद्दिष्टे, अध्ययनानुभव, त्यांची रचना आणि मूल्यमापन ह्यांची सांगड त्याने १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घालून दिली. बेंजामिन ब्लूम (१९१३–९९) व त्याचे सहकारी ह्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांचे ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन असे सहा स्तर मांडले. २००१ मध्ये ह्या वर्गीकरणाची सुधारणा होऊन नवनिर्मितीस सर्वोच्च स्थान देण्यात आले. अमेरिकेतील मिलवॉकी येथील अल्व्हर्नो महाविद्यालयाने १९७३ पासून संप्रेषण, विश्लेषण, समस्यापरिहार इ. आठ क्षमतांवर आपला संपूर्ण अभ्यासक्रम उभारला.

निष्पत्तींची रचना : निष्पत्ती साधारणतः दोन पातळ्यांवर ठरवितात : संपूर्ण पदवीक्रमाच्या व प्रत्येक विषयपत्रिकेच्या. विषयपत्रिकेची निष्पत्ती पदवीक्रमाच्या कोणत्या निष्पत्तीस पोषक आहे, हे कोष्टकाने दाखवितात. एखाद्या निष्पत्तीस कोणतीही विषयपत्रिका पोषक नसल्यास अभ्यासक्रमातील उणीव कोष्टकावरून ध्यानात येते. विधानातील क्रियापद निरीक्षणक्षम असावे लागते. ‘विद्यार्थ्यास अनुमापनाची माहिती होईल’ हे विधान संदिग्ध आहे. ‘विद्यार्थी दिलेल्या विद्रावाची संहती अनुमापनाने काढील व निष्कर्षातील त्रुटीची कारणे सांगेल’ ह्या विधानावरून काय तपासावयाचे, ते स्पष्ट होते.

मूल्यमापन : लेखी परीक्षा, प्रात्यक्षिके, प्रकल्प, मौखिक परीक्षा ही प्रत्यक्ष साधने, तर विद्यार्थी, माजी विद्यार्थी व नियोक्ते ह्यांची मते ही अप्रत्यक्ष साधने होत. प्रत्येक प्रश्न कोणत्या निष्पत्तीशी निगडित आहे, हे आधी ठरवावे लागते. समजा, एका निष्पत्तीसाठी ५० टक्के गुणांची मर्यादा ठरविली आणि ६० पैकी ४२ विद्यार्थ्यांनी ती गाठली, तर संपादन ७० टक्के झाले. एकूण गुणांवरून विद्यार्थी उत्तीर्ण झाला एवढेच कळते. निष्पत्तिवार गुणांवरून तो कोठे अडखळला ते कळते. त्यानुसार अध्यापनात बदल केला, तरच ही प्रक्रिया पूर्ण होते.

भारतातील स्थिती : मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून स्थापन झाली. परीक्षाप्राधान्याची ही परंपरा दीर्घकाळ टिकली. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. अभियांत्रिकी शिक्षणाच्या परस्परमान्यतेसाठी १९८९ मध्ये झालेल्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. त्यामुळे तंत्रशिक्षणात निष्पत्त्यधिष्ठित अधिस्वीकृतीस महत्त्व आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही (२०२०) अध्ययन-निष्पत्तींवर भर दिला आहे.

मर्यादा : संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम व अंतिम प्रश्नपत्रिका विद्यापीठ ठरविते, तर संपादनाचा हिशोब वर्गातील शिक्षकाकडे मागितला जातो. अधिकार व उत्तरदायित्व ह्यांत अशी फारकत झाली म्हणजे कोष्टके भरणे हेच साध्य होऊन बसते. मोजण्यास सुलभ तेवढ्याच गोष्टी निष्पत्ती म्हणून निवडण्याचा मोहही होतो. साहित्याभिरुची, नैतिक विवेक, जिज्ञासा ही उच्च शिक्षणाची फले उशिरा दिसतात व आकड्यांत पूर्णपणे सामावत नाहीत. त्यांच्यासाठी निबंध, चर्चा व दीर्घकालीन कार्यसंग्रह ह्यांचे जाणकारांकडून परीक्षण अधिक उपयुक्त ठरते. संपादनाच्या आकड्यांवर महाविद्यालयाची श्रेणी अवलंबून असल्यास सोपे प्रश्न काढण्याकडे कल वाढतो व मूल्यमापनाचा मूळ हेतूच विफल होतो. म्हणून कमी संपादन हे दोषारोपाचे नव्हे, तर सुधारणेचे निमित्त मानले जाणे, ही ह्या पद्धतीच्या यशाची प्रमुख अट होय.