रुपयाचा पत्ता

महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय, म्हणजे जीआर, उघडा आणि थेट शेवटच्या पानावर जा. सहीच्या वर एक ठरलेला परिच्छेद असतो: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. पुढे अठरा आकडे. त्यातले पहिले आठ म्हणजे तारीख. शेवटचे दोन विभागाचे; ०५ असेल तर वित्त विभाग. एकेकाळी जीआरची प्रत हवी असली की मंत्रालयात ओळख शोधावी लागायची. आज तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभ्या उभ्या तो मोबाईलवर उघडतो.

पैशाचा माग काढायचा तर मात्र त्या परिच्छेदाच्या जरा वर थांबावं लागतं. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा ते तिथं लिहिलेलं असतं आणि सोबत आकड्यांची उतरंड असते. आपण ती ओळ गाळतो. कोषागारातला माणूस आधी तीच वाचतो.

लेखाशीर्ष म्हणजे रुपयाचा पत्ता. मागणी क्रमांकातल्या अक्षरावरून विभाग कळतो: ई म्हणजे शालेय शिक्षण, एच म्हणजे सार्वजनिक बांधकाम. मग चार आकडी प्रधानशीर्ष येतं. २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण, ३०५४ म्हणजे रस्ते व पूल. त्यानंतर उपप्रधानशीर्ष, गौणशीर्ष, योजना असं घराच्या जवळ जवळ येत पत्ता उद्दिष्टापाशी थांबतो. पैसा नेमका कशावर, ते तिथं कळतं: ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ५३ मोठी बांधकामे. प्रधानशीर्षाचा पहिला आकडाही बोलका असतो. दोन किंवा तीन असेल तर महसुली खर्च, चार किंवा पाच असेल तर भांडवली. म्हणून ३०५४ मध्ये प्रामुख्यानं रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती येते आणि ५०५४ मध्ये नवं बांधकाम. गावाच्या वेशीवर नव्या रस्त्याची पाटी आहे आणि आदेशात ३०५४ आहे, असं दिसलं की विचारायला एक नेमका प्रश्न हाती येतो. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ६ लाख १२ हजार २९३ कोटी रुपयांचा खर्च धरला होता. एवढी रक्कम कुणाच्याच डोळ्यांपुढे उभी राहत नाही; लेखाशीर्षानं तिचे हाताळता येतील असे तुकडे पडतात.

विधिमंडळानं मंजूर केलेला पैसा लगेच कुणाच्या हाती पडत नाही. वित्त विभाग तो टप्प्याटप्प्यानं खुला करतो. मग प्रशासकीय विभाग, त्याखालचा नियंत्रण अधिकारी आणि शेवटी आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाच्या बोलीत डीडीओ, अशा पायऱ्या तो उतरतो. हे वाटप बीम्स या संगणक प्रणालीवर होतं. सरकारी मराठीत ती अर्थसंकल्पीय वितरण प्रणाली. देयक कोषागारात न्यायचं तर डीडीओला आधी बीम्सवरून प्राधिकारपत्र काढावं लागतं. त्या शीर्षाखाली शिल्लक नसेल तर ते निघतच नाही. ‘ग्रँट नाही’ हे उत्तर तोंडी देणं सोपं होतं. आता त्याचा पडताळा घ्यायची एक जागा झाली आहे.

तरतुदीबाहेर खर्च जाऊ नये, ही सरकारची स्वतःची गरज या यंत्रामागे आहे. पण व्यवहार होतानाच त्याची नोंद होत असल्यामुळे ती लोकांना दाखवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. विभागवार तरतूद किती, वितरित निधी किती, खर्च किती, हे बीम्सवर कुणालाही पाहता येतं. कोषवाणी या सरकारी संकेतस्थळावर राज्याच्या जमाखर्चाचे आकडे मिळतात. अधिवेशन जवळ आलं की अमुक विभागाचा इतकेच टक्के खर्च झाल्याच्या बातम्या येतात, त्या बहुधा इथूनच. मार्चएन्डला हेच टक्के कसे उड्या मारतात, तेही दिसतं. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ ला अपेक्षित आहे ते हेच: दहा रुपयांच्या अर्जाची वाट न पाहता कार्यालयानं आपला अर्थसंकल्प आपणहून मांडावा.

मग अडतं कुठं? बीम्सवर ‘खर्च’ दिसला, याचा अर्थ पैसा कोषागारातून बाहेर पडला, एवढाच. तो जिल्हा परिषदेच्या किंवा महामंडळाच्या खात्यात निवांत बसलेला असू शकतो. पुढं काय झालं ते उपयोगिता प्रमाणपत्र सांगणार, आणि ही प्रमाणपत्रं थकल्याची तक्रार महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येते. निविदा एका संकेतस्थळावर, मंजुरी दुसऱ्यावर, कामाची मोजमापं कार्यालयातल्या मोजमाप पुस्तिकेत. एकाच रस्त्याची कागदपत्रं शोधायला चार दारं ठोठवायची.

राजस्थानानं हीच वाट उलट्या टोकाकडून धरली. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई भरवली. तिथं सरकारी कामांची बिलं आणि हजेरीपटांतली नावं गावासमोर मोठ्यानं वाचली गेली. कागदावर मजुरी मिळालेली माणसं समोरच बसलेली. काम केलं का, पैसे मिळाले का, हे त्यांनाच विचारायचं. पुढं माहिती अधिकाराच्या लढ्याला बळ मिळालं ते अशाच सुनावण्यांतून. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थान सरकारनं जन सूचना पोर्टल सुरू केलं. त्यावर आपलं गाव किंवा प्रभाग निवडला की तिथल्या योजनांची आणि लाभार्थ्यांची माहिती समोर येते. लेखाशीर्ष पाठ असण्याची गरज पडत नाही.

आपल्याकडे रुपयाचा पत्ता मंत्रालयाच्या बाजूनं लिहिलेला आहे, आणि तो चोख आहे. पण पाकीट पोचलं का, हे पाठवणाऱ्याच्या वहीत पाहून कळत नाही. ज्याच्या दारात ते यायचं त्याला विचारावं लागतं. त्याला आधी मुळात काही निघालंय, हे तरी कळायला हवं. पुढच्या ग्रामसभेला जाताना आपल्या रस्त्याचा जीआर छापून न्यावा. शेवटचं पान आधी काढावं, आणि लेखाशीर्षाची ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचावी.