जमीन गहाण नको, जोखमींत भागीदार हवा

गेल्या शिमग्यानंतर पोलादपूरकडील एक वृद्ध खातेदार आमच्याकडे महाडास आले. त्यांची कन्या पुण्यास संगणकशास्त्र शिकली असून नोकरी सोडून स्वतःचा उद्योग काढण्याचा तिचा मनोदय आहे. भातखाचरें व वरकस जमीन गहाण टाकून रक्कम उभी करावी, ती कन्येस द्यावी आणि त्याच वेळीं तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यावें, असें घरांत ठरत आलें होतें. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केलेली; म्हणून कागद कसा करावा हें विचारण्यास ते आले. कागदापूर्वीं त्यांस जें सांगणें आम्हांस अवश्य वाटलें, तेंच येथें देतों.

अशा उद्योगांत नांव मिळविलेल्या श्रीमती नेहा नारखेडे ह्या पुण्यांत वाढल्या. तेथील पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी ह्या महाविद्यालयांत शिकून त्यांनीं अमेरिकेंत जॉर्जिया टेक येथें पुढील पदवी घेतली व ऑरॅकल आणि नंतर लिंक्डइन ह्या कंपन्यांत नोकरी केली. लिंक्डइनमध्यें असतां जे क्रेप्स व जुन राव ह्या सहकाऱ्यांसह त्यांनीं 'काफ्का' नांवाची संगणकप्रणाली घडविली. ती २०११ सालीं सर्वांस वापरण्यास खुली करण्यांत आली.

ही प्रणाली काय करते, हें आमच्या वाचकांस फेरफार नोंदवहीवरून सहज समजेल. गांव नमुना सहामध्यें नोंदी क्रमानें पडतात. बदल झाला कीं मागील नोंद न खोडतां नवी घालावयाची. आणि सातबारा हा त्या साऱ्या नोंदींचा आजचा परिणाम होय. काफ्कांतहि प्रत्येक घडामोड क्रमानें मागीलपुढें लिहिली जाते, व अनेक यंत्रें ती आपापल्या गतीनें वाचून घेतात. भेद इतकाच कीं आमची वही दिवसास दोन-चार नोंदी घेई. ही क्षणांत लक्षावधि घेऊं शकते.

२०१४ सालीं तिघांनीं नोकरी सोडून कॉन्फ्लुएंट ही कंपनी स्थापिली. आरंभीं तिला सुमारें ६९ लक्ष डॉलर भांडवल मिळालें. देणारांत बेंचमार्क ही पेढी मुख्य होती, आणि खुद्द लिंक्डइननेंहि त्यांत पैसे घातले. व्हेंचर कॅपिटल अथवा साहस-भांडवल म्हणतात तें हेंच. हें कर्ज नव्हे. ह्यास घर वा शेत तारण लागत नाहीं. अर्धेलीनें जमीन लावणारास पीक आलें तर अर्धा वांटा मिळतो, आणि पाऊस गेला तर त्याचाहि वांटा जातो; सावकाराचें व्याज मात्र पीक बुडालें तरी चालूच राहतें. साहस-भांडवलदार हा अर्धेलीवाल्याच्या जातीचा. तो अनेक उद्योगांत पैसे घालतो, त्यांतील बरेच बुडणार हें धरूनच. एखाद-दुसरा फळास आला कीं सर्वांची भरपाई होते. ह्याची किंमतहि आहे. कंपनीचा हिस्सा त्याचा होतो, संचालक मंडळांत तो बसतो, आणि वाढीची घाई करतो. सावकाश वाढणाऱ्या धंद्यास हें भांडवल मानवत नाहीं.

जून २०२१ मध्यें कॉन्फ्लुएंटचे भाग ३६ डॉलर दरानें अमेरिकेच्या शेअरबाजारांत आले. त्याच वर्षीं श्रीमती नारखेडे ह्यांनीं ऑसिलार ही दुसरी कंपनी काढली. तिला मात्र आरंभीं घरचेंच भांडवल घातलें. नवशिकी असतां जोखीम दुसऱ्यासह वांटून घेतली, आणि बुडीत सोसण्याचें बळ आल्यावर स्वतःचे पैसे लाविले, हा क्रम आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावा.

आपल्याकडे जमीन आधींच जोखमींत उभी आहे. जुलै २०२१ मध्यें सावित्रीनें महाडांत काय केलें व तळियेचा डोंगर कसा खचला, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस तोच एक आधार दुसऱ्यांदा पणास लावूं नये हें सांगणें नलगे. कन्येनें आधीं वस्तु घडवून चार गिऱ्हाइकें मिळवावीं, मग जोखमींत भागीदार होईल असा भांडवलदार पाहावा. घरानें द्यावयाचें तर शिलकेंतून, बुडालें तरी चूल पेटती राहील इतकेंच द्यावें.

राहिलें हक्कसोडपत्र. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत कन्येस पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. बहिणींनीं हक्क सोडल्याचे किती कागद आमच्या हाताखालून गेले, त्यांची गणती नाहीं. त्यांतील किती जणींस तो कागद वाचून दाखविला होता, हें विचारण्याचें आम्हांस तेव्हां सुचलें नाहीं. ह्याची खंत आज वाटते. उद्योग बुडाला तर दुसरा काढतां येतो. सोडलेला हक्क पुनः मागतां येत नाहीं. भांडवल द्यावयाचें त्यानें उद्योगांत हिस्सा मागावा, जन्माचा वांटा मागूं नये.

खातेदारांनीं आणलेला कोरा स्टँपकागद पिशवींत परत ठेवला. चिरंजीवांस हें पटेलच असें ते म्हणाले नाहींत. पुढील खेपेस कन्येसहि बरोबर आणावें, इतकेंच आम्हीं त्यांस सांगितलें आहे.