पद्मिनीचा एसी पंप

मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा निरोपाचे लेख पुष्कळ आले. खासगी पद्मिनी मात्र अजून धावतात. त्यांना धावतं कोण ठेवतं ते बघून या, असं सांगून संपादकांनी मला पुण्याच्या नाना पेठेत धाडलं.

गाडीची कुळकथा अनेकांना पाठ आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, इटलीच्या फियाटशी करार होऊन ‘११००’ इथे बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सी.सी.चं, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवर चालणारं. मी गुंतलो तो या इंजिनाच्या बगलेला दोन नटांवर बसणाऱ्या मुठीएवढ्या पंपात. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात.

पेट्रोलची टाकी मागे आणि खाली, कार्बोरेटर पुढे आणि वर. मधली चढण हा पंप विजेशिवाय पार करतो. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा फिरता फिरता पंपाचा दांडा ढकलतो. दांडा आतला रबरी कापडाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, खाली ओढतो आणि पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग तो पडदा वर लोटते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दांडा १५०० वेळा हलतो. खरी करामत पुढेच आहे. कार्बोरेटर भरला की त्याची सुई वाट बंद करते. पेट्रोलला जायला जागा उरत नाही, पडदा खालीच राहतो आणि दांडा नुसता मोकळा हलत राहतो. लागेल तेवढंच पेट्रोल, आणि ते मोजायला वेगळं यंत्र नाही. ज्याने हे पहिल्यांदा जुळवलं, त्याच्या बुद्धीपुढे मान लवते.

गॅरेजचे मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. गाडी बंद पडली की लोक थेट नवा पंप घेऊन येतात. मामा तो बाजूला ठेवतात.

“साहेब, पंपाला बोल लावायच्या आधी टाकी बघा. गंज पाईपात बसला तर पंप काय करणार?”

कार्बोरेटरकडचा पाईप काढून त्यांनी बाटलीत धरला आणि पंपाचा हाताचा दांडा दाबला. पेट्रोलची जोरकस पिचकारी यायला हवी होती. थेंब आले. मागून येणारा पाईप तर मोकळा होता, म्हणजे दोष पंपाचाच. उघडायच्या आधी त्यांनी दोन्ही अर्ध्या भागांवर मिळून खिळ्याने एक रेघ ओढली, म्हणजे जोडताना तोंडं फिरत नाहीत. डायफ्राम एका बाजूला चिरला होता. नवा बसवताना त्यांनी दांडा पूर्ण दाबून धरला आणि मगच स्क्रू आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे. दांडा सोडून आवळले तर पडदा ताणलेला बसतो आणि लवकर फाटतो. इंजिनावर चढवतानाही घाई नाही. कॅमचा उंचवटा दांड्याकडे असेल तर पंप नीट टेकत नाही; नट आवळून जबरदस्ती केली की कडा वाकते. म्हणून इंजिन हाताने थोडं फिरवून उंचवटा पलीकडे न्यायचा. पंप आणि इंजिन यांच्या मधलं जाड पॅकिंग तेच ठेवायचं. ते उष्णता अडवतं, शिवाय दांडा किती हलणार हेही त्याच्याच जाडीवर ठरतं.

इतकं निगुतीनं केलेलं काम पूर्वी वर्षानुवर्षं टिकायचं. आता त्याची खात्री नाही, आणि त्यात मामांचा दोष नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीच्या काळातलं रबर त्यासाठी केलेलंच नव्हतं; ते फुगतं, मऊ पडतं, पुढे चिरतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे टाकीतला गंज वाढतो. इथेनॉलला टिकणारं रबर मिळतं, पण किटमधला काळा पडदा कोणत्या रबराचा आहे हे डोळ्यांनी कळत नाही. पाकिटावर काहीही छापलेलं असतं.

कंटाळून काही जण विजेचा पंप बसवतात. मला ती वाट धोक्याची वाटते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप फार जास्त दाबाने पेट्रोल फेकतात. कार्बोरेटरच्या सुईला तो दाब पेलत नाही आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. कमी दाबाचा पंप घेतला तरी अपघातात इंजिन बंद पडल्यावर तो थांबेल अशी सोय वेगळी करावी लागते. जुना पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबतो.

पण जुन्याचंही एक भय आहेच. डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिनाच्या ऑईलमध्ये उतरू शकतं. ऑईल पातळ होतं, बेअरिंगं झिजतात आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून किल्ली परत देताना मामा गिऱ्हाइकाला बॉनेटपाशी उभं करतात. दर आठवड्याला ऑईलची पट्टी काढायची, पुसायच्या आधी हुंगायची. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवत आणायची नाही. मामांना फोन करायचा, ते घरी येतात.