लास, तीळ आणि निळा डाग : सिंगापूरहून आजी-आजोबांसाठी



आपल्यापैकी ज्यांनी भारतातून येतानाचा जुना पासपोर्ट जपून ठेवला असेल, त्यांनी तो एकदा उघडून पाहावा. वर्णनाच्या पानावर ओळखीची खूण म्हणून कुणाच्या गालावरचा तीळ, कुणाच्या मनगटावरची लास नोंदलेली सापडेल. मोठ्या माणसाच्या अंगावरची खूण म्हणजे त्याची ओळख. तीच खूण तान्ह्या बाळाच्या अंगावर दिसली की मात्र घरात कुजबुज सुरू होते.

आम्ही नोकरीनिमित्त सिंगापुरात राहणारी मोजकी कुटुंबे. आमच्याकडे बाळंतपण आले की आई-वडील, सासू-सासरे लोदहून, अश्दोदहून, कधी ठाण्याहून येतात, आणि बाळाला न्हाऊ घालताना पहिला डाग बहुधा आजीलाच दिसतो. त्यावर आजी जो शब्द टाकते तो घरात डॉक्टरांच्या शब्दाइतका चालतो. म्हणूनच हे लिहीत आहोत. "राहू द्या, आपोआप जाईल" हा आजीचा सल्ला पुष्कळ डागांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. पण एक लाल डाग असा आहे की त्याच्या बाबतीत याच सल्ल्यामुळे हातची वेळ निघून जाऊ शकते.

आधी दोष कुणाचा ते मिटवून टाकू. आपल्याकडे ग्रहणात सुरी हाती घेतली म्हणून, डोहाळे पुरवले नाहीत म्हणून, असे सुनेला ऐकवले जाई. ही समजूत आपलीच नव्हे. सिंगापूरची जुनी यहुदी कुटुंबे बहुतेक बगदादकडून आलेली, घरी अरबी बोलणारी. अरबीत जन्मखुणेला 'वहमा' म्हणतात आणि डोहाळ्यांसाठी शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. म्हणजे कोकणात काय नि बगदादमध्ये काय, बोट आईकडेच. खरी गोष्ट अशी की त्वचेतल्या रंगपेशी किंवा बारीक रक्तवाहिन्या गर्भात घडताना जागा चुकतात, किंवा एका ठिकाणी जास्त होतात. आईने काय खाल्ले, काय चिरले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आपल्या बाळांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो निळा डाग. कमरेखाली, कुल्ल्यांवर, क्वचित पाठीवर किंवा खांद्यावर, पाटीच्या दगडासारखा निळसर-करडा. चिनी, मलय, भारतीय, आफ्रिकी बाळांमध्ये तो इतका सर्रास असतो की सिंगापुरातल्या परिचारिका त्याकडे दुसऱ्यांदा पाहतही नाहीत. टोकियोत शिकवणाऱ्या एर्विन बेल्ट्स नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1885 साली त्याला 'मंगोलियन डाग' म्हटले, कारण तो एकाच वंशाच्या लोकांत असतो असे त्यांना वाटले. ते खरे नव्हते, पण नाव मात्र चिकटले. निळा का? रंगपेशी वरच्या थरात यायच्या त्या खालच्या थरात राहून गेल्या, आणि खोलवरचा काळा रंग त्वचेतून पाहिला की निळा भासतो. शाळेत जायच्या वयापर्यंत तो बहुधा विरतो. औषध नको, चोळणे नको, लिंबू-हळद तर मुळीच नको. एकच काळजी घ्यावी. ज्या देशांत गोऱ्या बाळांची सवय आहे तिथे पाळणाघरातल्या बाईंना तो माराचा वळ वाटू शकतो. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीतच त्याची नोंद करून घ्यावी. सिंगापुरात बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत, आपल्याकडे तिपत हलावमध्ये.

कमरेच्या मागे मधोमध, अगदी कण्यावर, केसांचा झुपका, खोल खळगा किंवा लाल लास दिसली तर ती वेगळी गोष्ट. ती डॉक्टरांना दाखवावीच, कारण खाली मज्जारज्जूत काही दोष असू शकतो.

मानेच्या मागे किंवा पापण्यांवर फिकट गुलाबी, बाळ रडले की गडद होणारा चट्टा असतो. पापण्यांवरचा वर्ष-दोन वर्षांत जातो, मानेवरचा केसांखाली आयुष्यभर राहिला तरी कुणाला कळत नाही. त्याविषयी याहून जास्त लिहायला नको.

आता तो लाल डाग. जन्माच्या वेळी काहीच नसते, किंवा असलाच तर एक फिकट ठिपका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो लाल होऊन फुगू लागतो आणि पिकलेल्या तुतीसारखा दिसतो. ही रक्तवाहिन्यांची गाठ, हेमँजिओमा. मुलींमध्ये आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळांमध्ये अधिक. पहिले तीन महिने ती झपाट्याने वाढते, पाचव्या महिन्यापर्यंत वाढ बहुतेक पुरी होते, आणि मग कित्येक वर्षांत हळूहळू ओसरते. ओसरते हे खरे असल्यामुळेच पूर्वीचे डॉक्टरही थांबा म्हणत. पाठीवर किंवा मांडीवर लहानशी असेल तर आजही थांबतात. पण पापणीवर असली तर डोळा झाकून त्याची दृष्टी अधू राहू शकते. नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठावर असली तर आकार बिघडतो. हनुवटीवर दाढीसारखी पसरली तर आत श्वासनलिकेतही असू शकते. शी-शूच्या जागी असली तर चिघळते. आणि मोठी गाठ ओसरल्यावरही मागे सैल, सुरकुतलेली कातडी राहते. म्हणून अशी गाठ पहिल्या महिन्यातच तज्ज्ञांना दाखवलेली बरी. सहाव्या महिन्यात दाखवली तर उपचाराचा चांगला काळ निघून गेलेला असतो.

उपचाराची कथा ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्दो येथे एका बाळाच्या नाकावर अशी गाठ होती. त्यावर दिलेल्या स्टेरॉइडमुळे त्याच्या हृदयाला त्रास झाला, म्हणून डॉक्टरांनी हृदयाचे जुने औषध प्रोप्रॅनोलॉल सुरू केले, तर दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग उतरून ती मऊ पडू लागली. डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी 2008 साली हे प्रसिद्ध केले आणि जगभरचा उपचार बदलला. आता सिंगापुरातही हेच औषध पातळ स्वरूपात, बाळाच्या वजनाप्रमाणे, साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक देतात. लहान, वरवरच्या गाठीवर टिमोलॉल हे डोळ्यांच्या थेंबांचे औषध वरून लावतात. दोन्ही नावे आपल्याला परकी नाहीत. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्या कित्येकांच्या डब्यात ही किंवा यांची भावंडे असतील. म्हणूनच हात जोडून सांगतो, आपली गोळी चुरून बाळाला कधीही देऊ नये. या औषधाने बाळाची रक्तातली साखर आणि नाडी एकदम उतरू शकते. डॉक्टरांनी दिलेले औषधही दूध पाजल्यावरच द्यायचे, आणि बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना विचारायचे.

दुसरी लाल लास सपाट असते, कलगीच्या द्राक्षरसासारख्या रंगाची, आणि जन्मापासूनच तिथे असते. ही जात नाही. मुलाबरोबर वाढते, उतारवयात जांभळी आणि जाड होते. गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरची सगळ्या जगाने पाहिली. सोव्हिएत छायाचित्रांत सुरुवातीला ती पुसून दाखवत. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्यातला दाब आणि मेंदू यांची तपासणी करतात, कारण काही मुलांना काचबिंदू किंवा आकडी येण्याचा धोका असतो. हिच्यासाठी लेझर आहे. बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 साली दाखवले की ठराविक रंगाचा प्रकाश क्षणभरच सोडला तर आतली रक्तवाहिनी तापते आणि भोवतालची कातडी वाचते. एका बैठकीत काम होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, आणि लास बहुधा फिकी होते, पुरती नाहीशी क्वचितच होते. आपल्या सावळ्या वर्णाला आणखी एक अडचण आहे. कातडीतला काळा रंगही तो प्रकाश शोषतो, त्यामुळे हलक्या हाताने केले नाही तर भाजल्याचा किंवा पांढरा डाग उरतो. सिंगापुरात चिनी, मलय, तमिळ असे सर्व वर्ण एकाच दवाखान्यात येतात, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांचा हात यात बसलेला आहे. मॉलमधल्या सौंदर्यालयातल्या स्वस्त लेझरचे तसे सांगता येत नाही.

पूर्वेकडे आणखी एक खूण पुष्कळ दिसते, एका डोळ्याभोवती आणि गालावर निळा-करडा पट्टा, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातही. जपानचे डॉ. मासाओ ओता यांनी 1939 साली तिचे वर्णन केले. हे गृहस्थ टोपणनावाने कविताही लिहीत. ही खूण काहींना जन्मतः असते, तर काहींना वयात येताना उमटते, स्त्रियांना जास्त. आपोआप जात नाही, पण लेझरने छान उतरते. डोळ्याचा दाब मात्र अधूनमधून तपासावा.

तपकिरी, दुधाळ कॉफीच्या रंगाचे एक-दोन ठिपके निरुपद्रवी. मात्र लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक दिसले तर डॉक्टर मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकाराचा विचार करतात. जन्मतः मोठा, केसाळ, काळा डाग असेल तर तोही आयुष्यभर तपासणीत ठेवावा लागतो, कारण त्यात पुढे कर्करोग होण्याची थोडी शक्यता असते. काही वेळा टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करतात.

दाखवायचे कुठे? बाळांसाठी केके रुग्णालय. त्याचे मूळ नाव कांदांग केरबाऊ, मलय भाषेत म्हशींचा गोठा. 1966 साली या एका इस्पितळात 39,835 बाळे जन्मली आणि तो गिनेस विक्रम ठरला. त्वचेसाठी मँडले रोडवरचे नॅशनल स्किन सेंटर, नोव्हेना स्टेशनजवळ. ते 1988 साली सुरू झाले. त्याआधी त्वचेचे रोगी मिडल रोडवरच्या इस्पितळात जात, 1878 सालच्या मागेन अबोथ सिनॅगॉगपासून थोड्या अंतरावर, जुन्या यहुदी मोहल्ल्यातच. तिथेच गुप्तरोगांवरही उपचार होत, तेव्हा गालावरच्या साध्या डागासाठी त्या फाटकातून आत जायला सोयरीक जुळायच्या वयातल्या मुली किती कचरत असतील! नागरिकांना आणि कायम रहिवाशांना पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घेऊन गेले तर सवलतीचा दर मिळतो, बाकीच्यांना पूर्ण पैसे पडतात. केवळ शोभेसाठी केलेल्या उपचाराला मेडिसेव्ह चालत नाही, म्हणून डोळ्याचा किंवा इतर त्रास असेल तर तो डॉक्टरांना नीट सांगावा.

शेवटी आपल्या स्वतःच्या अंगाकडे वळू. साठीनंतर उगवलेला डाग ही जन्मखूण नव्हे. मेणासारखे चिकटवल्यागत तपकिरी पापुद्रे, लाल मोत्याएवढे ठिपके, मानेवरच्या चामखिळी, हे वयाचे देणे आहे, भिण्याचे कारण नाही. चामखिळीला केस बांधणे किंवा चुना-सोडा लावणे सोडावे; त्याने जखम होते आणि मूळ डाग काय होता ते ओळखता येत नाही. जुना तीळ मात्र रंग बदलू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, खाज सुटली, रक्त आले, तर लगेच दाखवावा. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत त्वचेचा वाईट कर्करोग पुष्कळदा उन्हाच्या जागी येत नाही. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळी रेघ होऊन येतो, आणि तळपाय आपण पाहतोच कधी? आंघोळीनंतर आरसा धरून पाहावा, नाहीतर घरच्यांना पाहायला सांगावे.

वयिक्राच्या तेराव्या अध्यायात कोहेन डाग पाहतो, सात दिवस थांबतो आणि पसरला का ते पुन्हा पाहतो. 'बोहक' नावाचा फिकट डाग असेल तर त्या माणसाला शुद्ध ठरवतो. तो अध्याय विधीचा आहे, वैद्यकाचा नाही, तरी पुन्हा पाहण्याची ती रीत आज त्वचातज्ज्ञही पाळतात. त्यांना मदत म्हणून फोनवर डागाचा फोटो काढून ठेवावा. शेजारी एक शेकेलचे किंवा सिंगापूरचे नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो, उजेड खिडकीचा असावा, आणि तारीख लिहून ठेवावी. तान्ह्या बाळाच्या लाल डागाचा फोटो दर आठवड्याला काढावा, आपल्या तिळाचा तीन महिन्यांनी पुरे.