चेनसॉ घेताय? आधी भुसा ओळखायला शिका

करंजाडेसारख्या वसाहतीत अंगणात शेवगा, आंबा असलेल्या घराला १२ ते १४ इंची पट्टीचा चेनसॉ पुरतो. १८ इंची म्हणजे निव्वळ हौस. ‘निसर्ग’ वादळाने ३ जून २०२० रोजी रायगडात आडवे केले तसले बुंधे कापणे हे सरावलेल्या हातांचे काम.

पेट्रोलवरचे टू-स्ट्रोक यंत्र असेल, तर पेट्रोलात तेल मिसळावेच लागते. पुस्तिकेत ५०:१ असेल, तर लिटरला २० मिली. साखळीचे तेल वेगळे, त्याची टाकीही वेगळी.

धारेची खरी परीक्षा भुशात. जाड कपचे पडले, तर दात ठीक. पिठासारखा भुसा उडू लागला की गोल कानस काढा आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. बोथट साखळी दाबून चालवणे हा शुद्ध आडमुठेपणा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर यंत्र उसळून अंगावर येते. म्हणून चेन ब्रेक नसलेले स्वस्त यंत्र घेऊच नका. पावसात वायरवाले तर बाहेरही काढू नका.

आणि हो, झाड स्वतःच्या अंगणातले असले, तरी शहरी भागात ते तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी लागते.