भ्रमणध्वनी संचातील विद्युतबचत

भ्रमणध्वनी संचातील विद्युतबचत म्हणजे संचाच्या बॅटरीत साठवलेली ऊर्जा अधिक काळ पुरावी यासाठी संचाच्या रचनेत, भ्रमणध्वनी जाळ्यात आणि वापरकर्त्याच्या सवयींमध्ये योजिलेले उपाय होत. बिनतारी संचाला संपर्कासाठी सतत रेडिओ लहरींची देवाणघेवाण करावी लागते. त्याला लागणारी वीज मात्र बॅटरीच्या मर्यादित साठ्यातूनच मिळते. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या, विरळ वस्तीच्या किंवा डोंगराळ प्रदेशांत या बचतीला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रातील नांदेड व लातूर हे जिल्हे त्याचे उदाहरण म्हणून पाहता येतात.

पार्श्वभूमी

१९८३ साली बाजारात आलेल्या मोटोरोला कंपनीच्या पहिल्या हातातील भ्रमणध्वनी संचावर सुमारे अर्धा तास बोलता येत असे आणि त्याची बॅटरी भरण्यास सुमारे दहा तास लागत. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात आणली. कमी वजनात अधिक ऊर्जा साठवणाऱ्या या बॅटरीमुळे संच लहान झाले. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात भ्रमणध्वनी सेवेला ३१ जुलै १९९५ रोजी प्रारंभ झाला.

आजच्या संचांत ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी सर्रास आढळते. ३.७ व्होल्ट या सरासरी दाबाने तिच्यात सुमारे १८.५ वॉट-तास ऊर्जा मावते. संचाचा सरासरी वापर १ वॉट असल्यास ती साडेअठरा तास पुरते. अर्धा वॉट असल्यास ३७ तास.

बिनतारी भागाचा वीजवापर

संच मनोऱ्याच्या जवळ असेल तर तो क्षीण लहरी पाठवूनही भागवतो. अंतर वाढले, मध्ये डोंगर, दाट झाडी किंवा जाड भिंती आल्या, की त्याला प्रक्षेपणाची शक्ती वाढवावी लागते. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले तर तेवढ्याच क्षमतेच्या संकेतासाठी चौपट शक्ती लागते. अडथळे असल्यास त्याहून अधिक. दुसऱ्या पिढीच्या ९०० मेगाहर्ट्झ जाळ्यात संचाची कमाल प्रक्षेपणशक्ती सामान्यतः २ वॉट असे. चौथ्या पिढीत ती ०.२ वॉट इतकी असते. लहरी निर्माण करणाऱ्या प्रवर्धकाला प्रत्यक्षात याहून अधिक वीज लागते, कारण तिचा काही भाग उष्णतेत जातो.

मनोरा मुळीच सापडत नसेल तर संच पुन्हा पुन्हा त्याचा शोध घेत राहतो. त्यामुळे न वापरलेला संचही काही तासांत रिकामा होऊ शकतो. अशा ठिकाणी संच ‘विमान स्थिती’त ठेवणे हा बचतीचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. मात्र त्या अवधीत दूरध्वनी, संदेश व शासकीय आपत्तीसूचना मिळत नाहीत.

जाळ्यातील अंगभूत बचत

वापरकर्त्याच्या नकळत काही बचत जाळ्याच्या नियमांतूनच होत असते.

• शक्तिनियंत्रण : संच किती शक्तीने लहरी पाठवील हे मनोरा सतत ठरवत असतो. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यात हा आदेश सेकंदाला १५०० वेळा दिला जातो.
• खंडित ग्रहण : निष्क्रिय संचाचा ग्राहक भाग बहुतांश वेळ बंद असतो. ठरावीक क्षणी, उदाहरणार्थ दर १.२८ सेकंदांनी, तो जागा होऊन आपल्यासाठी हाक आहे का हे तपासतो.
• खंडित प्रक्षेपण : संभाषणात प्रत्येक जण साधारण निम्माच वेळ बोलतो. शांततेच्या काळात प्रक्षेपण कमी केले जाते.

माहितीची देवाणघेवाण संपल्यावरही रेडिओ काही सेकंद जागा राहतो. म्हणून दर मिनिटाला थोडी थोडी माहिती मागवणारे ॲप एकदाच सर्व माहिती मागवणाऱ्या ॲपपेक्षा अधिक वीज खाते. ॲपना मिळणाऱ्या पार्श्वभूमीतील परवानग्या मर्यादित करण्यामागे हेच कारण आहे.

पडदा आणि स्थाननिश्चिती

वापरात असलेल्या संचात पडदा हा विजेचा एक मोठा ग्राहक असतो. उन्हात तो दिसावा म्हणून प्रकाशमान कमाल पातळीवर जाते. ओएलईडी प्रकारच्या पडद्यावर काळा भाग जवळजवळ वीज वापरत नाही, त्यामुळे गडद पार्श्वभूमीने बचत होते. एलसीडी पडद्यावर तसा लाभ होत नाही. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, कॅमेरा आणि चित्रफिती यांचाही भार मोठा असतो.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील परिस्थिती

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर हे तालुके डोंगराळ व वनाच्छादित आहेत. अशा भूभागात संकेत क्षीण असल्यास संच अधिक शक्तीने चालतो. दोन्ही जिल्ह्यांत अनेक कुटुंबे गावापासून दूर शेतातील आखाड्यावर राहतात. शेतीपंपांच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासांपुरतीच असते, त्यामुळे तेथे संच केव्हाही भारित करता येईल असे नाही. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उष्णतेमुळे लिथियम-आयन बॅटरीची झीज वेगाने होते.

शेतीव्यवहारांत संचाचे स्थान वाढत गेले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह नोंदवावयाचे असते. कॅमेरा, स्थाननिश्चिती, उन्हातील प्रखर पडदा आणि क्षीण संकेत हे चारही भार येथे एकाच वेळी पडतात. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि मांजरा नदीच्या काठच्या शेतांत पाणी शिरले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट तेव्हा होती आणि ती देण्याचा एक मार्ग भ्रमणध्वनीवरील ॲप हा होता. अशा वेळी बॅटरीत उरलेला साठा थेट शेतकऱ्याच्या दाव्याशी जोडला जातो.

मराठवाड्यात पूर्वमोसमी व परतीच्या पावसात विजा पडून माणसे व जनावरे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. त्यासाठी संच चालू असावा लागतो व त्याला स्थानाची माहिती मिळावी लागते. सरसकट लावलेल्या बचत स्थितीमुळे अशा सूचना उशिरा पोहोचू शकतात, म्हणून इशारा देणाऱ्या ॲपना बचतीच्या निर्बंधांतून वगळणे इष्ट असते.

बॅटरीचे आयुर्मान

रोजची बचत आणि बॅटरीचे आयुष्य या दोन भिन्न बाबी असल्या तरी परस्परसंबंधित आहेत. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत व उष्ण जागी दीर्घकाळ राहिल्यास तिची क्षमता कायमची घटते. साठा साधारणतः २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखणे, भारण करताना संच उन्हात, पत्र्याखाली किंवा उशीखाली न ठेवणे आणि दीर्घकाळ न वापरायचा संच निम्मा भरून ठेवणे हितावह असते. फुगलेली बॅटरी वापरणे, दाबणे किंवा टोचणे धोक्याचे असते.

प्रचलित गैरसमज

बॅटरी प्रत्येक वेळी पूर्ण रिकामी करूनच भरावी, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहे. लिथियम-आयन बॅटरीला ती लागू नाही. सर्व ॲप वारंवार बंद केल्याने बचत होते हेही सरसकट खरे नाही. नेहमी लागणारे ॲप नव्याने उघडताना अधिक वीज खर्च होऊ शकते.

आपत्तीच्या काळातील वापर

पूर, वादळ किंवा भूकंपानंतर वीज कधी येईल हे निश्चित नसते. वर उल्लेखिलेल्या बॅटरीत १५ टक्के साठा उरला असता सुमारे २.८ वॉट-तास ऊर्जा शिल्लक राहते. उदाहरणादाखल, पडदा चालू ठेवून सरासरी दीड वॉट वापर झाल्यास ती दोन तासही पुरत नाही. पडदा बंद ठेवून सरासरी ०.१ वॉट वापर झाल्यास सुमारे २८ तास पुरते.

यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो : पडद्याचा प्रकाश कमी करावा, माहितीसेवा, वाय-फाय व ब्लूटूथ बंद करावे, लांबलचक संभाषणाऐवजी लघुसंदेश पाठवावा, कारण त्याला अत्यल्प प्रक्षेपण पुरते आणि क्षीण संकेतातही तो जाण्याची शक्यता अधिक असते, विजेरी म्हणून संच वापरू नये. घरात एकापेक्षा अधिक संच असतील तर एकच चालू ठेवून इतर बंद ठेवावेत व त्याचा क्रमांक नातेवाइकांना कळवावा. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधता येईल इतका साठा अखेरपर्यंत राखून ठेवावा.